मिस्टर स्टकींच्या पिस्तुलाचं बुश

हार्लन स्टकीनं पिस्तुलाचं मॅगझिन काढलं, आत गोळी नाही हे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दाखवलं आणि मग पिस्तूल जावयाच्या कानाशी नेऊन खुळखुळ्यासारखं हलवलं.

"ऐक. येतोय आवाज? का कारखान्यात कानसुद्धा देऊन आलास?"

पोलादावर पोलाद आपटल्याचा बारीक टकटक आवाज येत होता. टेबलावर भाजलेल्या मांसाची परात अजून तशीच होती, जेवणानंतरचा गोड रुबार्ब-पाय कापायचा राहिला होता, आणि ज्यात गुंडाळून पिस्तूल आणलं होतं ते तेलकट फडकं इस्त्रीच्या टेबलक्लॉथवर पसरलं होतं. व्हेल्मा, म्हणजे कॅझची सासू, त्या फडक्याकडे नुसती बघत होती. एरवी तिनं ते दोन बोटांत धरून बाहेर नेऊन टाकलं असतं.

"नळीच्या तोंडाशी बुशाचं कडं असतं, ते सैल झालंय," कॅझ म्हणाला. "दर गोळीला नळी वेगळ्या जागी बसते. म्हणून गोळ्या पांगतात."

"बघा! अकरा वर्षांत जावई माझ्या टेबलावर पहिल्यांदा कामाचं काहीतरी बोलला." हार्लननं पिस्तूल खाली ठेवलं. "गेल्या हिवाळ्यापासून माझ्या गोळ्या कोंबड्यांना दाणे टाकावेत तशा पडतायत. एकोणीस वर्षं मी नेमबाजीच्या ह्या क्लबाकडून कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय स्पर्धेला जातोय. यंदा पहिल्या चारांत नाव आलं नाही तर ते ह्या दीड दमडीच्या बुशापायी."

"नवीन घालू?"

"नवीन? अरे, हे युद्धात लेटे बेटाच्या चिखलातून माझ्याबरोबर घरी आलंय. जे आहे तेच नीट कर. जमेल? का टोलेडोला एखाद्या खऱ्या कारागिराकडे पाठवू?"

"डॅडी," भांडी विसळता विसळता नोरीन म्हणाली.

"डॅडी काय? लग्नातच म्हटलं होतं मी, पोरीनं पोलंडवाला आणलाय, चला, निदान घरातले नळ तरी गळायचे नाहीत. नळ गळत नाहीत, हे कबूल. आता नळी बघू."

लग्नातल्या त्या वाक्याला हॉलमधली दीडशे माणसं हसली होती. कॅझही हसला होता, कारण नवऱ्या मुलानं दुसरं काय करायचं असतं. त्यानंतर दर रविवारी त्याच वाक्याचं कुठलं तरी भावंड जेवणानंतर टेबलावर येई. कॅझिमिर कमिन्स्की ते मुकाट्यानं गोडाबरोबर गिळत असे, आणि सासऱ्याला अजून मिस्टर स्टकीच म्हणत असे. दुसरं काही म्हण, असं त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आणि हे जमलं," हार्लन जरा खाली आवाजात म्हणाला, "तर क्लबातली निम्मी माणसं तुझ्या गॅरेजपुढे रांग लावतील. मी सांगेन त्यांना. माझ्या शब्दाला तिथं वजन आहे."

इथं मात्र कॅझनं मान वर केली. आठ वर्षं तो आसांच्या कारखान्यात दुपारच्या पाळीला लेथवर उभा होता. एकच आस, एकच माप, दिवसाला दोनशे. मेन स्ट्रीटवरचं न्हाव्याचं दुकान मार्चपासून रिकामं पडलं होतं, आणि येता-जाता तो काचेला नाक लावून आत लेथ कुठं बसेल, बाक कुठं येईल हे बघून घेत होता. त्याला जन्मात दुसरं काही नको होतं. क्लबातल्या तीस-चाळीस पिस्तुलांचं काम मिळालं असतं तर ते दुकान चाललं असतं.

"जमेल," तो म्हणाला.

व्हेल्मा कॉफी घेऊन आली. सगळ्यांचे कप तिनं काठोकाठ भरले, हार्लनचा अर्धाच. हार्लननं कपाला हात लावला नाही. कॉफी गार होईपर्यंत तो लेटेच्या चिखलाबद्दलच बोलत राहिला.

कॅझची कामाची एक रीत होती. खोट किती आहे ते मोजल्याशिवाय तो कुठल्याच वस्तूला कानस लावत नसे. मंगळवारी सकाळी तो पिस्तूल घेऊन क्लबाची नेमबाजी चाले त्या जुन्या दगडखाणीवर गेला. तिथं तेव्हा चिटपाखरू नव्हतं. बाकावर त्यानं स्वतः बनवलेला लोखंडी शिकंजा बोल्टांनी आवळला आणि त्यात पिस्तूल पक्कं धरलं. शिकंज्याला ना श्वास असतो ना नाडी. त्यानं पन्नास यार्डांवरच्या कागदावर दहा गोळ्या मारल्या आणि चालत जाऊन पाहिल्या.

दहाही भोकं एका बशीखाली झाकली गेली असती.

त्यानं नवा कागद लावून आणखी दहा मारल्या. पुन्हा बशीच. सैल बुशाचं पिस्तूल ह्याहून बरं काय मारणार? यात आश्चर्य काही नव्हतं. पण क्लबाच्या फळ्यावर हार्लनचे वसंतातले कागद टाचलेले होते, आणि त्यांवरची भोकं झाकायला हात धुवायचं घमेलं लागलं असतं. बशीचं घमेलं कुठल्याच बुशानं होत नसतं.

कॅझ बाकावर टेकला. अर्धा भरलेला कप त्याला तेव्हा कुठे दिसला. मग एकेक गोष्ट दिसत गेली: नाताळात टर्की कापायची सुरी व्हेल्मानं आधीच स्वतःच्या हाती घेतली होती, हल्ली चेकवर सही तीच करत होती, आणि चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक हार्लन मांडीवरच ठेवत होता.

नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण सहज म्हणून जातो. हार्लनला नाचता येत होतं. एकोणीस वर्षं अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं होतं. आता पाय उचलेनात, आणि अंगणच वाकडं आहे अशी त्याची मनापासून खात्री झाली होती.

कुणालाही दया आली असती. कॅझलाही आली, नाही असं नाही. पण तिच्या मागोमाग लग्नाच्या हॉलमधला तो हशा आला, आणि मग त्याला जे वाटलं ते त्यानं पुढे कधीही, कुणालाही सांगितलं नाही. त्याला आनंद झाला.

अंगण तर अंगण. आपण ते असं सरळ करून देऊ की काचेची गोळी ठेवली तरी हलणार नाही. मग म्हाताऱ्यानं नाचून दाखवावं.

ते बुश त्यानं जन्मात केलं नाही इतकं मन लावून केलं. आधी ते रॉकेलमध्ये खसखसून घासलं, मग आत-बाहेर चांदीच्या डाखाचा पातळ थर चढवला आणि लेथवर धरून एकेक थाऊ उतरवत आणलं. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. केसाच्या जाडीत असे तीन बसतात. शेवटचा अर्धा थाऊ त्यानं लेथवर काढलाच नाही, तेल आणि पॉलिशची पूड लावून नळीवर हातानंच बुश फिरवत राहिला. बोटं दुखायला लागली की थांबायचा, कॉफी प्यायचा, पुन्हा बसायचा. चौथ्या दिवशी ते बसलं. इतकं बसलं, की पान्याशिवाय फिरेना, पण नळी आतून लोण्यातून सुरी जावी तशी सरकत होती. पिस्तूल त्यानं कानाशी हलवलं. काहीही वाजलं नाही.

"शीळ घालतोयस तू," नोरीन गॅरेजच्या दारातून म्हणाली. "काय झालंय तुला?"

"काम चांगलं झालंय."

"डॅडींचं पिस्तूल खरंच एवढं बिघडलं होतं?"

"आता बिघडलेलं नाही," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा खाणीवर जाऊन शिकंज्यात दहा गोळ्या मारल्या. बशी गेली, दहा भोकं कॉफीच्या कपाच्या तोंडात मावत होती. कागदाच्या कोपऱ्यात त्यानं तारीख घातली, अंतर घातलं, सही केली. चांगला कारागीर आपल्या कामाचा असा कागद देतोच. फक्त तो मालकाच्या हातात द्यायचा असतो. कॅझनं तो क्लबाच्या फळ्यावर, हार्लनच्या कागदांच्या बरोबर मधोमध टाचला. आणि शुक्रवारी पाळी संपल्यावर फोरमनला सांगितलं, जूनअखेर मी सोडतोय.

निवड जूनच्या तिसऱ्या रविवारी होती. सरोवरावरून आलेल्या माश्यांचा मोसम होता. बाकांवर, टोप्यांवर, कागदांवर त्या बसलेल्या होत्या, आणि चालताना बुटाखाली चुरचुरत होत्या. व्हेल्मा आणि नोरीन नेहमीप्रमाणे कॉफीच्या मोठ्या पिंपामागे उभ्या होत्या. पुरुषमंडळी फळ्यापुढे जमली होती.

"शिकंज्यात?" डेल्मर फिचनं चष्मा कपाळावर सरकवत विचारलं. तो रेंजमास्तर होता, साठीच्या पुढचा. "का नाक लावून मारल्यास?"

"पन्नास यार्डांवरून."

"माझा जावई," हार्लन म्हणाला, आणि त्यानं कॅझच्या पाठीवर थाप मारली. "पोलंडवाला आहे, पण हात सोन्याचे आहेत. मी म्हणत नव्हतो?"

तो असं कधीच म्हणाला नव्हता. ती थाप कॅझला खांद्यावर बराच वेळ जाणवत राहिली. त्याच दिवशी, त्याच क्षणी फळ्यावरचा कागद काढून खिशात घालता आला असता, पण तेवढ्यात माणसं त्याच्याभोवती जमली. निवडीत नसलेल्या तिघांनी आपली पिस्तुलं डब्यांसकट त्याच्या गाडीच्या डिकीत आणून ठेवली. ओरिन बेक, क्लबातला सगळ्यात तरुण आणि गेल्या दोन वर्षांचा विजेता, म्हणाला, "माझंही वाजतं रे जरा. मॅच झाली की देतो."

"दे," कॅझ म्हणाला. "आणि एक कर. तुझी जागा मला दे. मला मिस्टर स्टकींच्या शेजारी उभं राहायचंय. पिस्तूल कसं चालतंय ते बघतो."

क्लबात रीत अशी होती, की आपला कागद आपण मोजायचा नाही, शेजारच्यानं मोजायचा.

पहिला डाव पन्नास यार्डांचा, दहा मिनिटांत दहा गोळ्या. पिस्तूल एकाच हातात, दुसरा हात पँटच्या खिशात. कॅझ स्वतः बेताचाच नेमबाज होता. त्यानं आपल्या दहा गोळ्या सहा मिनिटांत उरकल्या आणि पिस्तूल खाली ठेवून शेजारी पाहिलं.

हार्लननं हात उचलला, धरला, आणि खाली घेतला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. नेम ठरला नाही तर गोळी मारायची नाही, हात खाली घ्यायचा, हे तोच नव्या माणसांना शिकवत आला होता. त्याच्या कपाळावर माशी बसली होती आणि ती त्यानं उडवली नाही. पिस्तुलाचं टोक हवेत एक लहानसं वर्तुळ काढत होतं, एकसारखं, कुणीतरी आतून किल्ली फिरवावी तसं.

"दोन मिनिटं," फिच ओरडला.

तोवर हार्लनच्या चारच गोळ्या सुटल्या होत्या. मग त्यानं उरलेल्या सहा मारल्या, एकामागून एक, दात आवळून.

सगळे आपापल्या शेजाऱ्याच्या कागदापाशी गेले. मोजणारा हलक्या आवाजात आकडे सांगतो, लिहितो, नेमबाज सही करतो. कुणाला त्रास नाही. कॅझनं पेन्सिल काढली आणि खाणीच्या भिंतीवर आपटून परत येईल एवढ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"आठ. सात. सहा. सहा. पाच. पाच."

शेजारच्या कागदांवरची कुजबुज थांबली.

"बाहेर. बाहेर. आणखी एक बाहेर." त्यानं कागदावर बोट फिरवलं, सावकाश, चारी कोपऱ्यांतून. "मिस्टर स्टकी, दहावं भोक सापडत नाही. कागदालाच लागलेलं दिसत नाही."

"हळू वाच की," फिच म्हणाला. "सबंध ओहायोला ऐकवायचंय का?"

"नियमाप्रमाणे वाचतोय."

हार्लन कागदाकडे बघत उभा राहिला. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून वर लाल होत गेला. तो वळला तेव्हा त्याच्या आवाजात राग होता, आणि त्या रागात, कॅझला ते स्पष्ट कळलं, जराही खोटेपणा नव्हता.

"अडकतंय," तो म्हणाला. "घट्ट करून ठेवलंय गाढवानं. दर गोळीला नळी अडकतेय, मला हाताला कळतंय."

"फळ्यावर कागद आहे," कॅझ म्हणाला.

"गार पिस्तुलावर मारलेल्या दहा गोळ्या! चांदीचा डाख लावलायस तू. तापला की फुगणार नाही? फिच, बघ, तू बघ."

फिचनं बुश बोटांनी फिरवून पाहिलं. ते हललं नाही. त्यानं जोर केला. तरी हललं नाही.

"काय रे," तो म्हणाला, "बुश केलंस का बूच ठोकलंस?"

हशा झाला, आणि त्या हशानं सगळ्यांचे खांदे खाली आले. तिथं जमलेल्या पंधरा जणांत बेक आणि कॅझ सोडले तर पंचावन्नच्या आतलं कुणी नव्हतं. प्रत्येकाच्या खिशात चष्म्याचं घर होतं. गेल्या दोन-तीन वर्षांत ज्याच्या त्याच्या कागदावरची भोकं थोडी थोडी पांगत चालली होती, आणि ज्याच्या त्याच्याकडे त्याचं एक कारण होतं: स्प्रिंग, दारूगोळा, वारा, बुश. हार्लनचं खरं निघालं तर बरंच होतं सगळ्यांना.

"कमिन्स्की," डिकीत पिस्तूल ठेवणाऱ्या तिघांपैकी एक म्हणाला, "माझा डबा जरा काढून दे. घाई नाही मला."

एका क्षणात सगळं निसटत चाललं होतं: दुकान, काचेवरचं नाव, फोरमनला सांगितलेला शब्द. सोमवारपर्यंत गावभर झालं असतं, की पोलंडवाल्यानं स्वतःच्या सासऱ्याचं पिस्तूल वाया घालवलं. कॅझ गाडीकडे गेला, पण डबा काढायला नाही. तो शिकंजा घेऊन आला आणि बाकावर ठेवला.

"तापलंय ना?" तो म्हणाला. "मग आत्ताच बघू."

"बघूच," हार्लन म्हणाला.

पिस्तूल त्यानंच कॅझच्या हातात दिलं. गोळ्याही त्यानं स्वतःच्या पेटीतल्या दिल्या, मघाच्याच, म्हणजे पुढे कुणाला बोलायला जागा नको. एवढी त्याची खात्री होती. कॅझनं बोल्ट आवळताना सहज वर पाहिलं. कॉफीच्या पिंपामागून व्हेल्मा त्याच्याकडे बघत होती. तिनं मान हलवली, डावीकडून उजवीकडे, एकदाच. त्याला ते दिसलं. त्यानं शेवटच्या बोल्टाला आणखी अर्धा फेरा दिला.

दहा गोळ्या. मध्ये तो थांबला नाही, नळीला गार व्हायला वेळ दिला नाही.

कागद बेक घेऊन आला. त्यानं नुसता कागद पुढे धरला. कपाच्या तोंडाएवढी जागा, काळ्या गोलाच्या मधोमध. कुणी टाळी वाजवली नाही. कुणी शिट्टीही मारली नाही. एरवी असल्या कागदावर ही माणसं लहान पोरांसारखी ओरडत.

हार्लननं कागद हातात घेतला.

तो फडफडायला लागला. वारा नव्हता. सगळ्यांना तो आवाज ऐकू आला, आणि सगळे दुसरीकडे बघायला लागले: कुणी खाणीकडे, कुणी बुटांकडे. हार्लननं दुसरा हात खिशातून काढून कागद दोन्ही हातांनी धरला. फडफड वाढली.

मग त्यानं कागद बाकावर ठेवला, हात खिशात घातले आणि जावयाकडे पाहिलं.

"चांगलं काम केलंस, कॅझ," तो म्हणाला.

अकरा वर्षांत त्यानं हे नाव कधी उच्चारलं नव्हतं. पिस्तूल शिकंज्यातून सोडवून कॅझनं पुढे केलं, तेव्हा ते नोरीननं घेतलं. ती कधी आली ते त्याला कळलंच नव्हतं. तिनं ते वडलांच्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं, दोन्ही कड्या अडकवल्या आणि नवऱ्याकडे न बघता डबा उचलून नेला.

हार्लन पुढच्या डावांना उभा राहिला नाही. गाडीत जाऊन बसला, स्टिअरिंगच्या बाजूला नाही, दुसऱ्या. निवड त्याच्याशिवाय पुरी झाली. बेक पहिला आला. चौघांची नावं फिचनं फळ्यावर लिहिली आणि कुठलाही विनोद केला नाही.

कॅझ कॉफी घ्यायला पिंपापाशी गेला. व्हेल्मा एकटीच कप आवरत होती.

"बुशचं मीच डोक्यात घातलं होतं त्याच्या," ती कपाकडे बघतच म्हणाली. "गेल्या ऑक्टोबरात. डॉक्टरकडे जायला तयार नव्हता, रात्र रात्र हातावर बसून काढायचा. म्हटलं, हार्लन, ते पिस्तूल किती वाजतंय बघ. लगेच पटलं त्याला. वाटलं, बुशावर एक उन्हाळा निघेल."

"मला सांगायचं होतंत."

"तुला कळलं नव्हतं?"

व्हेल्मानं एक कप घेतला, काठोकाठ भरला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"नोरीन आमच्याबरोबर येतेय," ती म्हणाली. "आज गाडी तिला चालवावी लागेल."

तो गाडीपाशी परतला तेव्हा ते तिघे डिकीजवळ उभे होते. चांगली माणसं होती. त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, माश्यांना शिव्या घातल्या. एकानं सांगितलं, बायको म्हणते आता नको तो खर्च. दुसऱ्यानं सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. तिसऱ्यानं आपला डबा ओळखून काखेत मारला. कॅझनं त्यांना अडवलं नाही. त्यांच्यापैकी कुणीही त्याच्या नजरेला नजर दिली नाही, आणि त्याच्या कामाला नाव ठेवावं असं तर कुणाच्याच मनात नव्हतं. फळ्यापाशी येऊन त्यानं पाहिलं, आधी टाचलेला त्याचा कागद जागेवरच होता. त्याच्या आजूबाजूचे हार्लनचे कागद मात्र कुणीतरी काढून नेले होते.

गाड्या एकेक करून निघाल्या. शेवटी बेक आला, पिस्तुलाचा डबा हातात लटकावून. चौतीस वर्षांचा, मनगट खांबासारखं. पहिल्या डावातल्या शंभरपैकी सत्त्याण्णव गुणांवर अजून कुणी त्याची पाठसुद्धा थोपटली नव्हती. हा तरी, कॅझला वाटलं. ह्याला कशाची भीती?

"तुझं देणार होतास ना?" त्यानं डिकीचं झाकण धरून विचारलं.

बेकनं रस्त्याकडे पाहिलं. स्टकींची गाडी वळणापलीकडे गेली होती, धूळ अजून खाली बसायची होती. त्यानं डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

"राहू दे, कॅझ," तो म्हणाला. "माझं सैलच बरं आहे."